सुईवर थांबलेले टाके

दिवाळीची आवराआवर म्हणजे जुन्या ट्रंकांना वर्षातून एकदा मिळणारा उजेड. माझी लेक तीन वर्षांची होती, त्या वर्षी अशाच आवराआवरीत एक कापडी पिशवी हाती लागली. आत पिवळ्या लोकरीचा अर्धवट स्वेटर होता, सुया तशाच अडकवलेल्या. सातव्या महिन्यात बाळंतविड्यासाठी मी तो विणायला घेतला होता. लेक आली आणि सुई अर्ध्यावर राहिली. "आता कसले छंद? मूल झाले की हात त्याचे," असे घरीदारी सगळ्यांनी सांगितले आणि मीही ते मान्य करून टाकले. स्वेटर आता तिला होण्यासारखा नव्हता. पण एकही टाका निसटला नव्हता. मी तिथेच बसले आणि राहिलेली सुई पुरी केली.

तेव्हापासून मनात एक प्रश्न घर करून बसला. आपल्याआधीच्या आयांनी काय केले असेल?

मागावरचे कापड हजारो वर्षांचे आहे. सुयांवरचे विणकाम त्या मानाने अलीकडचे. त्याचे जुन्यांतले जुने नमुने इजिप्तमध्ये सापडले. सुमारे अकराव्या ते चौदाव्या शतकांतले हे निळ्या-पांढऱ्या सुती मोज्यांचे तुकडे. पण विणणाऱ्या आईचे चित्र पाहायचे तर जर्मनीतल्या हँबुर्गच्या कलासंग्रहालयात जावे लागते. मास्टर बर्ट्राम या चित्रकाराच्या कार्यशाळेत इ. स. १४०० च्या सुमारास रंगवलेले हे चित्र बुक्स्टेहुडे गावच्या जोगिणींच्या मठासाठी होते. त्यात मेरीमाता चार सुयांवर एक सदरा गोल विणते आहे आणि काम गळ्यापर्यंत आले आहे. शेजारी बाळ येशू पुस्तक घेऊन पहुडला आहे आणि मान वळवून देवदूतांकडे पाहतो आहे. त्या देवदूतांच्या हाती क्रूस आणि भाला आहे. येशूच्या अंगावर शेवटी बिनशिवणीचा झगा होता असे बायबलात आहे. तोच हा, असे जाणकार मानतात. धर्मार्थ काही असो, कोणत्याही आईला त्यातले घर ओळखू येईल. मूल शेजारी खेळते आहे आणि आईचे हात चालू आहेत. तिने मान वर केली तरी टाके सुईवर थांबतात. पोळी तव्यावर थांबत नाही, दूध चुलीवर थांबत नाही; विणकाम थांबते. मुलाच्या आईला हे काम जमते ते याच गुणामुळे.

मात्र या गुणाचा फायदा दुसऱ्यांनीही घेतला. स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड बेटे आहेत. तिथल्या बायका जळणाच्या मातीची टोपली पाठीवर घेऊन चालता चालता विणत. सुई टेकवायला कमरेला घोड्याच्या केसांनी भरलेला, भोके पाडलेला चामडी पट्टा असे. त्यांच्या शाली इतक्या तलम, की लग्नाच्या अंगठीतून ओवून काढाव्यात! पण व्यापारी मोबदला रोखीने देण्याऐवजी बहुधा चहा नि कापड हाती ठेवत. १८७२ साली सरकारी चौकशी झाली, तेव्हा या बायकांनी पुढे येऊन साक्षी दिल्या. फावल्या वेळातले काम म्हणून ज्याची बोळवण होत होती, त्याचे मोल त्यांनी सरकारदरबारी नोंदवून घेतले.

आपल्याकडे लोकरीचे विणकाम इंग्रजी अमदानीत मिशनरी बायकांच्या शाळांतून बरेच पसरले. माझी आजी ते तिच्या शाळेतच शिकली. पण लग्नानंतर सुया पेटीच्या तळाशी गेल्या. १९६२ साली चीनशी युद्ध पेटले आणि देशभर बायका जवानांसाठी स्वेटर विणू लागल्या. धाकटा मामा तेव्हा पाच महिन्यांचा होता. आजीने पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधली आणि सुया बाहेर काढल्या. "एरवी विणायला बसले असते तर सासूबाई बोलल्या असत्या," ती सांगे, "पण देशासाठी म्हटल्यावर कोण बोलणार?"

हे ऐकताना मी लहानपणी हसत असे. आता वाटते, केवढी गोष्ट आजी सहज सांगून गेली! मेरीमाता विणते ती बाळासाठी, शेटलंडची बाई संसारासाठी, आजी जवानांसाठी. ही सारी कामे मोलाचीच. पण "मला आवडते म्हणून" हे कारण सांगायची सोय त्यांतल्या कितीजणींना होती?

मी तो पिवळा स्वेटर उसवला. गुंड्यात करड्या लोकरीची भर घातली आणि पुन्हा टाके घातले. लेक जवळ येऊन बसली. "हे माझ्यासाठी?" तिने विचारले.

"नाही ग," मी म्हटले, "हे आईसाठी."

तिने क्षणभर विचार केला आणि गुंडा उचलून मांडीवर घेतला, तो घरंगळू नये म्हणून. थंडी पडली की अजूनही तो स्वेटर मी शाळेत घालून जाते.