लिंबाच्या रसाने खलाशी वाचवणारा कप्तान : ईस्ट इंडिया कंपनीचा पहिला ताफा नेणारा जेम्स लँकेस्टर

ईस्ट इंडिया कंपनी म्हटलं की आपल्याला क्लाइव्ह आठवतो, प्लासी आठवते. पण कंपनीची पहिली सफर ज्याच्या हाती होती, तो जेम्स लँकेस्टर फारसा कुणाला माहीत नसतो.

लँकेस्टरचा जन्म 1554 च्या सुमारास इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकचा. तरुणपणी तो पोर्तुगीजांमध्ये राहिला, व्यापार आणि सैनिकी शिकला. 1588 मध्ये स्पेनचं आरमार इंग्लंडवर चालून आलं, तेव्हा 'एडवर्ड बोनाव्हेंचर' या जहाजाचा तो कप्तान होता.

त्या काळी शत्रूची जहाजं लुटायला सरकारच परवाना देत असे. असा परवाना घेऊन लुटणाऱ्यांना 'प्रायव्हेटियर' म्हणत. परवाना नसेल तर तोच माणूस चाचा! लँकेस्टर यातलाच एक.

1591 मध्ये तीन जहाजं आफ्रिकेला वळसा घालून पूर्वेकडे निघाली. केप ऑफ गुड होपला पोहोचेपर्यंत इतके खलाशी आजारी पडले की एक जहाज त्यांना घेऊन परत पाठवावं लागलं. दुसरं वादळात बुडालं. लँकेस्टरचं जहाज कन्याकुमारीला वळसा घालून मलाक्काकडे गेलं आणि त्याने पोर्तुगीज जहाजं लुटली. पण 1594 मध्ये तो घरी परतला, तेव्हा त्याची मोजकीच माणसं जिवंत होती.

बहुतेकांना मारलं ते शत्रूने नव्हे, आजारांनी. त्यातला मोठा आजार म्हणजे स्कर्व्ही. महिनोन् महिने ताजी फळं-भाजी नाही, त्यामुळे हिरड्या सडायच्या, जुन्या जखमा उघडायच्या आणि माणूस दगावायचा. याचं कारण 'क' जीवनसत्त्वाचा अभाव, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं.

1595 मध्ये त्याने ब्राझीलमधलं रेसिफे बंदर लुटलं. मग 31 डिसेंबर 1600 ला कंपनीला सनद मिळाली आणि पुढच्याच वर्षी तिचा पहिला ताफा त्याच्या हाती आला. यावेळी 'रेड ड्रॅगन' या आपल्या जहाजावर त्याने लिंबाच्या रसाच्या बाटल्या घेतल्या होत्या. प्रत्येक खलाशाला रोज सकाळी उपाशीपोटी तीन चमचे रस!

आफ्रिकेच्या टोकाला पोहोचेपर्यंत बाकीच्या तीन जहाजांवर शिडं ओढायलाही माणसं उरली नव्हती. नांगर टाकायला 'रेड ड्रॅगन'ची माणसं मदतीला धावली, कारण ती धडधाकट होती.

पुढे सुमात्रातल्या आचेमध्ये व्यापाराची परवानगी मिळाली. पण माल पुरेना, म्हणून मलाक्काच्या सामुद्रधुनीत एक पोर्तुगीज जहाज लुटलं. त्यात भरलं होतं हिंदुस्थानी कापड! ते देऊन मसाले घेता आले. जावातल्या बांतेनमध्ये वखार घालून 1603 मध्ये ताफा मिरी घेऊन लंडनला परतला. राजा पहिल्या जेम्सने लँकेस्टरला 'सर' केलं. याच ताफ्यातलं 'हेक्टर' 1608 मध्ये सुरतेला आलं.

लँकेस्टर 1618 मध्ये वारला. लिंबाचा धडा मात्र बहुतेकांनी घेतला नाही. 1747 मध्ये जेम्स लिंड या डॉक्टरने प्रयोग करून तोच उपाय दाखवला, आणि ब्रिटिश नौदलात लिंबाचा रस नियमित मिळू लागला तो 1795 नंतर. म्हणजे लँकेस्टरच्या त्या सफरीनंतर जवळपास 200 वर्षांनी. मधल्या काळात असंख्य खलाशी अशा आजाराने गेले, ज्याचा उपाय एका जहाजावर कधीच सापडला होता.