कांदेनवमी आणि खेकडा भजी

दिवाळीच्या फराळाचे ताट जुन्या चालीच्या घरी नीट न्याहाळून पाहिले, तर त्यात एक जिन्नस आढळत नाही, तो म्हणजे कांदा. चकली असते, कडबोळी असतात, चिवड्यात खोबऱ्याचे काप आणि डाळे असते. पण कांद्याचे नाव नाही. आषाढ शुद्ध एकादशीला निजलेले देव कार्तिक शुद्ध एकादशीला उठतात, आणि भाऊबीज आटोपली तरी ती एकादशी नऊ दिवस दूर असते. चातुर्मास पाळणाऱ्या घरात तोवर कांदालसणाला दार बंद. हे दार लोटण्याच्या आधी, आषाढ शुद्ध नवमीला, कांद्याला जो निरोप देतात त्याचेच नाव कांदेनवमी. पंचांगातल्या थोर तिथींत तिला मान नसेल. पण त्या दिवशी स्वयंपाकघरातून येणाऱ्या भज्यांच्या वासाला तोड नाही.

एखादी वस्तू वर्ज्य व्हायची म्हणून ती आदल्या दिवशी पोटभर खाऊन घ्यायची, ही युक्ती आपलीच आहे असे समजण्याचे कारण नाही. ख्रिस्ती लोकांत उपासाचे चाळीस दिवस लागण्यापूर्वी घरातली अंडी आणि लोणी संपवण्यासाठी इंग्रज धिरडी घालतात आणि गोव्यात कार्निव्हाल रंगतो. आपल्याकडेही श्रावण लागण्याआधी मांसमच्छी खाणाऱ्या घरांत गटारी होतेच. निषेधाने जिभेला जेवढी धार येते, तेवढी मसाल्याने येत नाही, असे माझे मत आहे, आणि कांद्याचा इतिहास त्याला पुष्कळसा दुजोरा देतो.

हा निषेध फार जुना आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्विजांनी जे खाऊ नये त्याच्या यादीत लसूण आणि पलांडु, म्हणजे कांदा, शेजारी शेजारी बसले आहेत. सातव्या शतकात आलेला चिनी प्रवासी ह्युएन त्संग लिहितो की, इकडे कांदालसूण थोडेच लोक खातात आणि जे खातात त्यांना गावाबाहेर घालवतात. वैद्यांची मात्र मोठी पंचाईत झाली. लसणाचा जन्म राहूच्या कापलेल्या कंठातून गळलेल्या थेंबांपासून झाला, ही कथा वैद्यकाच्या ग्रंथांनीच सांगितली. आणि त्याच ग्रंथांना त्याचे गुण गायल्यावाचूनही राहवेना. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीच्या ‘बावर हस्तलिखित’ नावाच्या पोथीत तर गाईला लसूण चारून तिचे दूध ब्राह्मणाने घ्यावे, अशी पळवाट दाखवली आहे! शास्त्र आणि जीभ यांच्या भांडणात तडजोड काढण्याची आपली हातोटी तेव्हापासूनची.

पण या निषेधाच्या उलट बाजूला एक माळी उभा आहे. अरणगावच्या सावता महाराजांना तेराव्या शतकात आपल्या मळ्यातल्या कांद्यामुळ्यातच विठ्ठल दिसला. ज्या विठ्ठलाच्या एकादशीसाठी आपण कांदा सोडतो, तोच विठ्ठल त्यांना कांद्यात भेटला. भक्ताने कांद्याला देवपण दिले आणि व्रताने त्याला घराबाहेर काढले. दोन्ही गोष्टी एकाच महाराष्ट्रात शतकानुशतके सुखाने नांदतात, आणि कांदेनवमी ही मला त्या दोहोंमधली तडजोड वाटते.

आता अलिबागच्या दक्षिणेला अष्टागरातल्या नागावात येऊ. नारळीपोफळीच्या वाड्यांनी झाकलेले हे गाव समुद्राकाठी आक्षी आणि चौल यांच्या मध्ये आहे. आक्षीचा मराठी शिलालेख शके ९३४ चा, म्हणजे इ. स. १०१२ चा मानतात; त्यात देवीसाठी धान्य लावून दिल्याची नोंद आहे. मराठी भाषा दगडावर उमटली तीच अशी कोठारातला हिशोब सांगत. दुसऱ्या बाजूचे चौल हे प्राचीन बंदर. तेथे, म्हणजे आजच्या रेवदंड्यास, सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी कोट बांधला, आणि तो १७४० मध्ये मराठ्यांच्या हाती येईपर्यंत ते तेथे टिकले. खाडीपलीकडच्या कोर्लईत त्यांच्या भाषेपासून झालेली बोली आजही बोलली जाते. आपल्या भज्यात तिखट म्हणून जी मिरची पडते, ती याच लोकांच्या जहाजांतून अमेरिकेतून हिंदुस्थानात आली. त्याआधी आपला तिखटपणा मिरी आणि आले यांच्यावर चाले. याच पोर्तुगीजांनी उपासाच्या दिवसांत मासे आणि भाज्या पिठात बुडवून तळण्याची रीत जपानला दिली आणि तिचे तेंपुरा झाले, असे मानतात. त्यांनी उपासात तळले. आपण उपासाच्या आधी तळतो.

तेलाची हकीकतही या किनाऱ्यावर निराळी आहे. या भागातले बेने इस्राएल लोक घाण्यावर तेल काढीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांना ‘शनिवार तेली’ हे नाव पडले. १९४८ नंतर त्यांतील बहुतेक इस्राएलला निघून गेले. म्हणजे पाहा, दहाबारा मैलांच्या आत एका घरी शनिवारी घाणा बंद, दुसऱ्या घरी चाळीस दिवस मांस बंद आणि तिसऱ्या घरी चार महिने कांदा बंद. भुईमूगही दक्षिण अमेरिकेचाच, पण त्याच्या तेलाने आमच्या कढया केव्हा काबीज केल्या ते कुणाच्या ध्यानातही आले नाही.

आणि कांदा? तो नागावच्या वाड्यांतला नव्हे. तो अलिबाग तालुक्यातल्या कार्ले, खंडाळे, नेहुली, वाडगाव अशा गावांच्या भातखाचरांतला. भात कापून झाले की त्याच जमिनीत, तिच्या अंगच्या ओलाव्यावर, पांढऱ्या कांद्याची रोपे लावतात आणि शिमग्याच्या आगेमागे कांदा काढतात. बियाणे शेतकरी घरचेच धरतात. पात सुकली की बायका तिचीच वेणी घालून कांद्यांच्या माळा विणतात. चवीला गोडसर, तिखटपणा इतका थोडा की चिरताना डोळ्यांना पाणी येत नाही. या कांद्याला २०२२ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि परगावचा पांढरा कांदा ‘अलिबागचा’ म्हणून विकणे कायद्याने चूक ठरले. चूक ठरले म्हणजे थांबले असे नव्हे. रस्त्याच्या कडेला टांगलेल्या प्रत्येक माळेवर मोटारीतल्या पाहुण्याने विश्वास ठेवू नये. त्याहून मोठी काळजी निराळीच आहे: मुंबईकरांच्या बंगल्यांसाठी ज्या जमिनी विकल्या जातात, त्यांत ही खाचरेही असतात. मानांकन नावाचे रक्षण करते, जमिनीचे करीत नाही.

जाणकार म्हणतील, असला कांदा तळणे म्हणजे त्याचा अपमान. तो भाकरी आणि सुक्या मासळीबरोबर कच्चाच खावा. म्हणणे खोटे नाही. तरी माळेत आषाढापर्यंत टिकलेल्या कांद्याची भजी एकदा करून पाहावी. पाचसहा कांदे उभे, पातळ चिरावे, पाकळ्या हाताने सुट्या कराव्या, मीठ चोळून पावघटका तसेच ठेवावे. मिठाने कांद्याला पाणी सुटते, आणि भिजवायला तेवढेच पाणी पुरे. वरून थेंबही घालू नये. भजी मऊ पडतात त्याचे मूळ बहुधा वरून घातलेल्या पाण्यात असते. मग हिरवी मिरची, ओवा, भरडलेले धने, पाऊण वाटी डाळीचे पीठ आणि किनाऱ्याची आठवण म्हणून दोन चमचे तांदळाचे पीठ. पीठ कांद्याला धरून ठेवण्यापुरते असावे, झाकण्यापुरते नव्हे. चमचाभर कडकडीत तेलाचे मोहन घालावे. सोडा घालू नये, सोड्याने भजी फुगतात पण तेल पितात. कढईत सोडताना गोळा करू नये, बोटांनी पसरून सोडावे. आच मात्र मध्यम हवी. हा कांदा गोड, त्यामुळे तो लवकर करपतो, आणि आतले पाणी उडून जायला वेळ दिल्यावाचून कुरकुरीतपणा येत नाही.

असे पसरून सोडले की कांद्याच्या काड्या चहूकडे पाय फाकवतात, म्हणून ही ‘खेकडा भजी’. गंमत अशी की, आमच्या किनाऱ्यावरच्या कोळणी त्या प्राण्याला चिंबोरी म्हणतात. चिंबोरीच्या गावात भजे मात्र खेकड्याचे! त्यावरून हे नाव घाट उतरून खाली आले असावे, असा माझा तर्क आहे. डाळीचे पीठही बहुतांशी घाटावरचेच की. पुढे हे भजे समुद्र ओलांडून गेले आणि इंग्लंडात सिल्हेटच्या खानावळवाल्यांच्या हाती ते वाटोळे, गुबगुबीत झाले. तिथे त्याचे पाय गेले.

माळ घेताना एवढे पाहावे, की वेणी कांद्याच्या स्वतःच्या पातीची आहे आणि कांदा लहान व घट्ट आहे. घरी आणल्यावर ती जमिनीवर ठेवू नये. वारा खेळेल अशा ठिकाणी आढ्याला टांगावी आणि लागेल तसा एकेक कांदा खालून तोडावा. आषाढ शुद्ध नवमीपर्यंत तीत पाचसहा कांदे उरतील, एवढा संयम मात्र घरातल्या मंडळींना हवा.