तापीकाठची जमिनीखालची नदी

सुरतेच्या उधना-लिंबायत भागातील आम्हां खानदेशी मंडळींना तापी म्हणजे माहेरचीच वाट. नंदुरबार, अमळनेर, जळगाव असे करीत गाडी नदीच्या कडेकडेने वर जाते. मात्र या नदीचा धाकही आम्हांला ठाऊक आहे. २००६ च्या ऑगस्टमधील पुराच्या खुणा कित्येक भिंतींवर अजून दाखवल्या जातात. याच नदीच्या काठी, भुसावळच्या पलीकडे बऱ्हाणपुरात, तापीचा एक थेंबही न घेता गावाला पाणी पाजणारी योजना चारशे वर्षांपूर्वी उभी राहिली. तिचे नाव कुंडी भंडारा. पाण्यातील तांबूस छटेवरून म्हणे, लोक तिला खुनी भंडाराही म्हणतात. नाव ऐकून आमच्या घरातली पोरे आधी घाबरलीच!

चुनखडीच्या मुलखात पाणी खडक विरघळवीत आत शिरते, गुहा कोरते आणि कोसभर अंतरावर एखाद्या झऱ्यातून अख्खी नदीच बाहेर पडते. आपला काळा दगड तसा विरघळत नाही. त्याच्या भेगांतून पाणी फक्त झिरपते. सातपुड्याच्या उतारावरून असे झिरपून तापीकडे निघालेले पाणी वाटेतच अडवायचे, ही युक्ती इराणी जाणकार तबकुतुल अर्ज याची. साल १६१५, आणि सुभेदार अब्दुल रहीम खानखाना, दोह्यांमुळे आपल्याला परिचित असलेले तेच रहीम. एका रांगेत शंभराहून अधिक कुंड्या, म्हणजे विहिरीसारखी उभी भोके, खणून ती तळाशी बोगद्याने जोडली. बोगद्याला उतार इतका बेताचा की पाणी आपल्या पायांनी चालत गावातल्या जाली करंज या हौदापर्यंत यावे. ना मोट, ना बैल.

एवढा खटाटोप कशासाठी? बऱ्हाणपूर हे मोगलांच्या दख्खन मोहिमांचे ठाणे होते. फौजफाट्याला स्वच्छ पाणी हवे, आणि उघड्या नदीत शत्रू विष कालवील ही धास्तीही होती, असे सांगतात. शिवाय सुरत बंदरातून आग्र्याला जाणारा माल याच बाजारातून जाई. इंग्रजांचा वकील टॉमस रो १६१५ च्या सप्टेंबरात सुरतेला उतरला आणि नोव्हेंबरात शहजादा परवेझला भेटायला बऱ्हाणपुरात आला. आमच्या दोन्ही गावांची नावे अशी एकाच प्रवासात गुंफलेली आहेत.

मला मात्र त्याहून एक गोष्ट नवलाची वाटते. जवळजवळ त्याच काळात खानखानांचा वैरी मलिक अंबर खडकीत, म्हणजे पुढच्या औरंगाबादेत, असेच जमिनीखालून पाणी आणवीत होता. रणांगणात एकमेकांसमोर उभे ठाकलेल्या दोघांनी पाण्याचा धडा एकच गिरवला. शाळेच्या पुस्तकात त्यांच्या लढाया असतात, नहरी क्वचितच.

कुंडीत लिफ्टने सुमारे ऐंशी फूट उतरलो. वर ऑक्टोबरचे ऊन, खाली ओलसर गारवा आणि गुडघ्याखाली वाहते पाणी. भिंती मात्र पांढऱ्याशुभ्र. मुलाला संगमरवर वाटला. तो चुना! आपल्या हंड्यांच्या बुडाशी बसतो तोच क्षार, चार शतके थरावर थर चढत गेलेला. चुनखडी नसलेल्या मुलखात माणसाने भुयार खणले, आणि पाण्याने त्यात आपली चुनखडी आणून बसवली. आता तीच वाट अरुंद करते आहे. वरच्या अंगाला बोअर होत जातात, केळीला पाणी लागतेच, त्यामुळे झिरप्यावर ताण पडतो तो वेगळा. मूळ आठ भंडाऱ्यांपैकी काही नाहीसे झाले आहेत. २०२४ साली युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत कुंडी भंडाऱ्याचे नाव आले, त्याचा आनंद आहेच. पण यादीतल्या नावाने बोगद्यातला चुना खरवडला जात नाही.

परतीच्या गाडीत मुलाने विचारले, "बाबा, हे पाणी अडवलेच नसते तर कुठे गेले असते?" मी म्हटले, "तापीत. आणि तिथून आपल्याकडे, सुरतेला."