इंग्रजीच्या तासाला भेटलेली मराठी

गेल्या दिवाळीच्या सुटीत आमची सातवीतली नात इंग्रजी व्याकरणाची वही घेऊन आमच्यापाशी बसली होती. शब्दांच्या जाती ओळखण्याचा अभ्यास होता. इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या मुलीला त्यात अवघड ते काय? तिने तो पाच मिनिटांत उरकला. त्यातल्याच एका वाक्याचे आम्ही तिला मराठी करावयास सांगितले आणि विचारले, "आता यातले क्रियापद कोणते?" ती आमच्याकडे पाहतच राहिली. म्हणाली, "आजोबा, मराठीला पण ग्रामर असते?"

घरातली मंडळी हसली. आम्हांस मात्र हसू आले नाही. इंदुरात आमच्या घराण्याची ही सहावी पिढी. बोलण्यापुरती मराठी घरात टिकली. परंतु तिला काही बांधणी आहे, शिस्त आहे, ही जाणीव कधी निसटली ते आमच्याच ध्यानात आले नाही. नातीच्या प्रश्नाचे उत्तर शोधू लागलो तेव्हा असे आढळले की ते उत्तर इंग्रजीच्या वर्गातून निघते आणि वाटेत आपल्या या माळव्यालाही भेटून जाते.

आपल्याकडे व्याकरणाची परंपरा प्राचीन आहे. यास्काने शब्दांचे नाम, आख्यात, उपसर्ग आणि निपात असे चार वर्ग मानले. पाणिनीने सुबन्त आणि तिङन्त या दोहोंत सारा पदसमूह बसविला. मग मराठी शाळांतून मुले नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद येथपासून केवलप्रयोगी अव्ययापर्यंत ज्या आठ जाती घोकत आली, त्या कोठून आल्या? त्या आल्या इंग्रजी व्याकरणातून. मुंबईत नव्याने इंग्रजी शिकलेल्या पहिल्या पिढीतील दादोबा पांडुरंग तर्खडकर (१८१४-१८८२) यांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले. त्याचा आराखडा त्यांनी इंग्रजी व्याकरणांच्या धर्तीवर आखला. हेच दादोबा तरुणपणी काही वर्षे रतलामजवळच्या जावरा संस्थानात नवाबाचे शिक्षक होते, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल.

परका अंगरखा आपल्या अंगाला जसाच्या तसा बसत नाही. इंग्रजीत जो शब्द नामाच्या आधी येतो, त्याचे काम मराठीत नामामागून जोडून येणारा शब्द करतो. इंग्रज मेजावर म्हणताना 'वर' आधी उच्चारतो, आपण नंतर. म्हणून त्या जातीला आपल्याकडे 'शब्दयोगी' असे निराळेच नाव मिळाले. ही उसवण आणि शिवण पाऊणशे वर्षे चालली. तिचा सर्वांत मोठा हिशेब मांडला मोरो केशव दामले यांनी. कवी केशवसुतांचे हे धाकटे बंधू. त्यांनी उज्जैनच्या माधव महाविद्यालयात अध्यापन केले होते. त्यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ साली प्रसिद्ध झाले. पूर्वसूरींचे प्रत्येक मत घेऊन त्याची चिकित्सा करण्याची त्यांची रीत आजही थक्क करते.

गोष्ट येथे संपत नाही. सागरचे पंडित कामताप्रसाद गुरू यांचे 'हिंदी व्याकरण' काशीच्या नागरी प्रचारिणी सभेने १९२० च्या सुमारास प्रसिद्ध केले. हिंदी शाळांतून आजवर जे व्याकरण शिकविले जाते त्याचा हाच मुख्य आधार. या ग्रंथाच्या भूमिकेत गुरूंनी दामल्यांच्या मराठी व्याकरणाचे ऋण मोकळ्या मनाने मान्य केले आहे. म्हणजे इंग्रजीतून मराठीत आणि मराठीतून हिंदीत असा हा प्रवास झाला.

१९७१ साली आम्ही सहावीत गेलो आणि इंग्रजीचा पहिला धडा समोर आला तो हिंदीतून. आमची शाळा हिंदी माध्यमाची होती. गुरुजी फळ्यावर 'संज्ञा' लिहीत, घरी वडील त्यालाच 'नाम' म्हणत. शाळेत 'समुच्चयबोधक', घरी 'उभयान्वयी'. शाळेत 'विस्मयादिबोधक', घरी 'केवलप्रयोगी'. त्या वयात हा दुहेरी जाच वाटे. परंतु एकाच वस्तूला तीन भाषांत तीन नावे असतात, हे एकदा उमगल्यावर वस्तू अधिक स्पष्ट दिसू लागते, हेही तेव्हाच कळले.

वडिलांच्या ट्रंकेत तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेचे तीन भाग होते. रोज रात्री जेवणे झाल्यावर दहा वाक्ये करावयाची, असा नेम होता. इंग्रजीचे मराठी आणि मराठीचे इंग्रजी. 'तिने हार हरवला', 'तिने अंगठी हरवली', 'तिने पदक हरवले' या तिन्ही वाक्यांत इंग्रजी क्रियापद जागचे हलत नाही. मराठीत मात्र हरवलेल्या वस्तूप्रमाणे ते बदलते. हिंदीतही असे होते, पण तेथे नपुंसकलिंग नाही. याला कर्मणी प्रयोग म्हणतात हे वडिलांनी नंतर सांगितले. नियम आधी दिसला, नाव मागाहून कळले.

शब्दांचेही तसेच. शब्दार्थ पाठ करण्याची वही प्रत्येकाला ठेवावी लागे. वडील म्हणत, "शब्दाचा अर्थ लिहू नकोस, आपल्याकडे त्याला काय म्हणतात ते लिही." या दोहोंतले अंतर मोल्सवर्थ आणि कँडी या इंग्रज अधिकाऱ्यांनी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच ओळखले होते. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती १८३१ ची, दुसरी १८५७ ची. या दुसरीत सुमारे ६०,००० शब्द आहेत. परक्यांनी स्वतःच्या सोयीसाठी केलेले हे काम, पण आपल्या आजी-पणजींच्या तोंडचे किती तरी शब्द आज तेथेच सापडतात.

आठवीनंतर वाचनाच्या पुस्तकात गोष्टी आल्या. मोपासाँची हाराची गोष्ट, ओ. हेन्रीची नाताळच्या भेटींची, टॉलस्टॉयची जमिनीची. पहिली मुळात फ्रेंच, तिसरी रशियन. इंग्रजीच्या खिडकीतून आम्हांस फ्रान्स आणि रशिया दिसले. आमच्या आईला इंग्रजी येत नसे. हाराची गोष्ट आम्ही तिला स्वयंपाकघरात बसून मराठीत सांगितली. उसना आणलेला हार हरवतो, तसाच दुसरा विकत घेऊन परत करण्यासाठी नवराबायको दहा वर्षे कर्ज फेडतात, आणि अखेरीस कळते की मूळ हार खोटाच होता. आईचा हात पोळपाटावर थांबला. "बाई गं, आधीच खरं सांगून टाकलं असतं तर दहा वर्षं वाचली असती," ती म्हणाली. वर्गातल्या कोणत्याही प्रश्नोत्तरात हे मर्म इतके नेमके आले नव्हते.

इंग्रजीत वाचावे आणि घरच्यांना मराठीत सांगावे, ही रीतही जुनीच. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी गोष्टी इंग्रजीवरूनच मराठीत आणल्या. हरिभाऊ आपट्यांच्या 'करमणूक' पत्रातून १८९० पासून स्फुट गोष्टी येऊ लागल्या, आणि हैदराबादेत वकिली करणाऱ्या दिवाकर कृष्णांनी १९२३ च्या आपल्या 'समाधि आणि इतर सहा गोष्टी' या संग्रहाने मराठी लघुकथेला अंतर्मुख केले. महाराष्ट्राबाहेर राहूनही मराठीत भर घालता येते, याचा हा दाखला आपण विसरू नये.

टॉलस्टॉयची गोष्ट आम्हांस पुढे नोकरीत भेटली. महसूल खात्यात असताना एका गावी दोघा भावांच्या बांधाचे सीमांकन करावयाचे होते. तंटा हातभर रुंदीच्या पट्ट्याचा. पटवारी जरीब ओढीत होता आणि दोघे भाऊ उन्हात तिच्यामागे धावत होते. सूर्यास्तापर्यंत जेवढी चालून येईल तेवढी जमीन, या लोभाने धावणारा आणि अखेरीस सहा फुटांत मावणारा तो रशियन शेतकरी आम्हांस दिसला. दुपारी झाडाखाली बसून आम्ही ती गोष्ट दोघांना सांगितली. तंटा मिटला नाही; अपील झालेच. पण धाकटा भाऊ निघताना म्हणाला, "साहब, कहानी सच्ची है."

या शिक्षणात उणेही होते. काळ चुकला की बोटांवर पट्टी बसे. सहा वर्षे व्याकरण शिकून आम्ही पहिल्या मुलाखतीत इंग्रजीची चार वाक्ये धड बोलू शकलो नाही. आमची नात आज जे अस्खलित बोलते, त्याचा आम्हांस अभिमान आहे. तथापि आमच्या अडखळत्या इंग्रजीसाठी दोन भाषा डोक्यात जाग्या ठेवाव्या लागत. तिच्या अस्खलित इंग्रजीला दुसरीची गरजच उरलेली नाही. वर्गातून भाषांतर गेले आणि आपल्यासारख्या घरांत त्याबरोबर मराठीची उजळणीही गेली. शाळा ती परत आणणार नाहीत. ते काम जेवणानंतरच्या अर्ध्या तासाचे आहे आणि ते घरातल्या वडीलधाऱ्यांचेच आहे.

त्या संध्याकाळी आम्ही हार, अंगठी आणि पदक अशी तीन वाक्ये नातीच्या वहीत लिहिली. तिने ती दोनदा वाचली. मग पेन्सिलीने 'ला', 'ली', 'ले' यांखाली रेघा ओढल्या आणि विचारले, "मग इंग्लिशमध्ये का नाही बदलत?"

दुसऱ्या दिवसापासून रोज पाच वाक्ये करावयाची असे ठरले आहे.