तीन दट्ट्यांचा तोल : ट्रायम्फ ट्रायडेंटची कहाणी

मोटारसायकल उभ्या जागी सुरू ठेवली की तिचा आरसा थरथरू लागतो. वेग वाढवला की हँडल धरलेल्या हातांना मुंग्या येतात. ही थरथर कुठून येते, असे विचारले तर बहुतेक विद्यार्थी 'पेट्रोलच्या स्फोटामुळे' असे सांगतात. हे उत्तर पूर्ण नाही. इंजिनात स्फोट होत नसताना नुसता दट्ट्या वरखाली हलवला, तरी इंजिन हादरेलच. या हादऱ्यांशी झुंजताना ब्रिटनमध्ये तीन सिलिंडरची एक मोटारसायकल जन्माला आली. ती बाजारात हरली, पण तिचे चाहते आजही जगभर आहेत. तिच्या आकर्षणात भावनेचा भाग किती आणि विज्ञानाचा किती, ते आपण पाहू.

दट्ट्या वर जातो, क्षणभर थांबतो आणि खाली येतो. प्रत्येक वेळी त्याचा वेग बदलावा लागतो, आणि वेग बदलायचा तर बल हवे. न्यूटनच्या तिसऱ्या नियमानुसार तेवढेच उलट बल इंजिनाच्या सांगाड्यावर येते. हीच ती थरथर. इंजिनाचे फेरे दुप्पट झाले की हे बल चौपट होते. म्हणूनच सावकाश चालणारी गाडी गुणी वाटते आणि पळवली की तिचे दुखणे बाहेर पडते.

एडवर्ड टर्नर यांनी आखलेली ट्रायम्फची 'स्पीड ट्विन' ही ५०० सीसीची गाडी १९३७ साली विक्रीला आली. तिचे दोन्ही दट्ट्ये एकाच वेळी वर आणि एकाच वेळी खाली जात. यात एक सोय होती. दोन सिलिंडर आळीपाळीने, प्रत्येक फेऱ्याला एक अशा समान अंतराने पेटत. पण दोन्ही दट्ट्यांचे धक्के एकाच दिशेने पडत आणि त्यांची बेरीज होई. क्रँकशाफ्टवर उलट बाजूला वजन ठेवून तो धक्का थोडा कमी करता येतो, परंतु मग उभ्या धक्क्याचा काही भाग आडवा होऊन बाहेर पडतो. ५०० सीसीला हे खपून गेले. १९५९ साली आलेली 'बॉनेव्हिल' ६५० सीसीची होती. इंजिन आणखी मोठे आणि वेगवान करायचे, तर थरथर सोसवणारी नव्हती.

हे ओळखणारे दोन अभियंते होते बर्ट हॉपवुड आणि डग हील. पूर्वी टर्नर यांच्या हाताखाली काम केलेल्या हॉपवुड यांना जुन्या रचनेची मर्यादा चांगली ठाऊक होती. या दोघांनी तिसरा सिलिंडर जोडायचे ठरवले आणि क्रँकशाफ्टच्या तीन भुजा एकमेकींपासून १२० अंशांवर ठेवल्या.

याने काय साधले, हे फळ्यावर सहज दाखवता येते. दट्ट्यावरचे बल क्रँकच्या कोनाच्या कोसाइनच्या प्रमाणात बदलते, असे धरा. पहिला दट्ट्या ० अंशांवर असेल तर दुसरा १२० आणि तिसरा २४० अंशांवर असतो. त्यांचे कोसाइन अनुक्रमे १, उणे अर्धा आणि उणे अर्धा. बेरीज शून्य! आता क्रँक ३० अंश फिरवा. कोन ३०, १५० आणि २७० होतात. कोसाइन ०.८६६, उणे ०.८६६ आणि शून्य. बेरीज पुन्हा शून्य. कोणताही कोन घ्या, उत्तर तेच येते. शेतातल्या पंपाला मिळणाऱ्या तीन फेजच्या विजेतही हेच गणित आहे. तेथेही तीन प्रवाह १२० अंशांच्या अंतराने बदलतात आणि भार समान असेल तर त्यांची बेरीज शून्य होते.

गोष्ट येथेच संपत नाही. दट्ट्याला क्रँकशी जोडणारा दांडा फिरताना तिरका होतो. त्यामुळे दट्ट्या वरच्या अर्ध्या प्रवासात जास्त वेगाने आणि खालच्या अर्ध्या प्रवासात कमी वेगाने सरकतो. यातून प्रत्येक फेऱ्याला दोनदा येणारा, लहान पण त्रासदायक असा दुसरा धक्का निर्माण होतो. त्याचे गणित करताना कोन दुप्पट करावा लागतो. तीन सिलिंडरसाठी ते कोन ०, २४० आणि ४८० होतात. ४८० अंश म्हणजे एक पूर्ण फेरा आणि वर १२० अंश. म्हणजे येथेही बेरीज शून्यच. नेहमीच्या सरळ रांगेतल्या चार सिलिंडरच्या इंजिनात पहिला धक्का नाहीसा होतो, पण दुसऱ्या धक्क्याच्या बाबतीत चारही दट्ट्ये एकमेकांच्या भरीला पडतात. या एका बाबतीत तीन हे चारांहून सरस!

तरीही तोल पूर्ण नाही. तिन्ही बले एकाच ठिकाणी लागत नाहीत, ती क्रँकशाफ्टच्या लांबीवर वेगवेगळ्या जागी लागतात. त्यामुळे इंजिन वरखाली उडत नसले, तरी दोन टोकांवर आळीपाळीने दाबल्यासारखे डोलते. मात्र हा त्रास जुन्या जुळ्या सिलिंडरच्या थरथरीपेक्षा पुष्कळच सौम्य असतो.

या गाडीच्या आवाजाचे तिच्या चाहत्यांना फार वेड. त्यालाही अंकगणिताचा आधार आहे. चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. मिनिटाला ६००० फेरे, म्हणजे सेकंदाला १०० फेरे धरू. मग दोन सिलिंडर सेकंदाला १०० वेळा, तीन सिलिंडर १५० वेळा आणि चार सिलिंडर २०० वेळा पेटतील. १०० ला षड्ज मानले, तर १५० हा पंचम आणि २०० हा तार षड्ज! प्रत्यक्षात धुराड्याच्या नळीमुळे आणि इतर स्वरांच्या मिसळीमुळे आवाज याहून गुंतागुंतीचा होतो. पण जुळ्या इंजिनाची धडधड आणि चौघांचे किंचाळणे यांच्या मधली ती जागा कानाला वेगळी का वाटते, हे यावरून कळते.

पहिला नमुना १९६५ मध्ये चालू लागला. मात्र 'ट्रायम्फ ट्रायडेंट' आणि तिची जुळी बहीण 'बीएसए रॉकेट थ्री' बाजारात यायला १९६८ साल उजाडले. इंजिन ७४० सीसीचे आणि ५८ अश्वशक्तीचे होते. कारखान्यातली यंत्रे जुनी, त्यामुळे रचनाही जुन्या वळणाची राहिली. क्रँकशाफ्ट आधी सपाट घडवत आणि मग तापवून, पिळून त्याच्या भुजा १२० अंशांवर आणत. इंजिनाचे कवच उभ्या सांध्यांनी जोडलेले असे. किक मारून गाडी सुरू करावी लागे आणि पुढचा ब्रेक ड्रमचा होता.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये टोकियोच्या प्रदर्शनात होंडाने चार सिलिंडरची सीबी-७५० मांडली. बटण दाबताच ती सुरू होई. पुढे डिस्क ब्रेक होता आणि अश्वशक्ती ६७. गिऱ्हाइकाला कोसाइनची बेरीज दिसत नाही, बटण दिसते. ट्रायडेंटला विजेचा स्टार्टर मिळाला तो १९७५ च्या टी-१६० मध्ये. तोवर फार उशीर झाला होता.

शर्यतीच्या मैदानावर मात्र निकाल वेगळा लागला. १९७१ मध्ये अमेरिकेतली डेटोना २०० मैलांची शर्यत डिक मान यांनी बीएसएच्या तीन सिलिंडर गाडीवर जिंकली. पहिले तिन्ही क्रमांक याच घराण्याच्या गाड्यांनी पटकावले. 'स्लिपरी सॅम' या टोपणनावाची ट्रायडेंट आइल ऑफ मॅनच्या उत्पादन-गटातील शर्यतीत १९७१ ते १९७५ अशी सलग पाच वर्षे पहिली आली. फ्रान्समधल्या एका दीर्घ शर्यतीत इंजिनातले तेल गळून स्वारावर उडाले, म्हणून तिचे नाव 'निसरडा सॅम' पडले. एकाच नावात गाडीचा गुणही आला आणि दोषही!

या पराभवाची किंमत कामगारांनी मोजली. १९७३ मध्ये बीएसए समूह कोलमडला. ट्रायम्फचा मेरिडन येथील कारखाना बंद करण्याचे जाहीर होताच कामगारांनी तो ताब्यात घेतला. १९७५ मध्ये त्यांनी तेथे स्वतःची सहकारी संस्था उभारली आणि जुळ्या सिलिंडरच्या गाड्या बनवत ती १९८३ पर्यंत चालवली. आराखडा काढणाऱ्यांचे गणित बरोबर होते, यंत्रांवर काम करणाऱ्यांचे हातही कसबी होते. कमी पडले ते वेळेवर निर्णय घेणे आणि नव्या यंत्रसामग्रीत पैसा घालणे.

१९८३ मध्ये जॉन ब्लूर यांनी ट्रायम्फचे नाव विकत घेतले. १९९१ पासून हिंकले येथील नव्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या, आणि त्यांत तीन सिलिंडरचे इंजिन पुन्हा होते. २०१९ मध्ये मोटो-टू या जागतिक शर्यतमालिकेतल्या सर्व गाड्यांसाठी ट्रायम्फचेच ७६५ सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन वापरात आले. रचनेतले तत्त्व खोटे नव्हते, हे पन्नास वर्षांनी पुन्हा दिसले.

२०२३ पासून पुण्याजवळ चाकणला बजाजच्या कारखान्यात ट्रायम्फच्या काही गाड्या बनू लागल्या. त्यांचे इंजिन मात्र एका सिलिंडरचे आहे. सोबतीला दुसरा दट्ट्या नसताना एका दट्ट्याचा धक्का कसा आवरत असतील? हा प्रश्न वर्गात मांडावा आणि विद्यार्थ्यांना जवळच्या गॅरेजमध्ये उघडलेले इंजिन पाहायला न्यावे.