धांव, रबर आणि मोटारसायकलचा टायर

बैलगाडीच्या चाकावर जी लोखंडी पट्टी चढवितात तिला आपल्या भाषेंत ‘धांव’ म्हणतात. ती झिजली, कीं गाडीवान चाक घेऊन लोहाराकडे जातो. लोहार चाकाचा घेर मोजतो, त्याहून किंचित् लहान असें कडें करतो, तें गोवऱ्यांच्या आगींत लाल होईपर्यंत तापवितो आणि तापून वाढलेलें कडें चाकावर चढवून वर पाणी ओततो. कडें आकसतें व चाकाचे सारे लांकडी भाग एकमेकांत घट्ट बसतात. येथें निवडीचा प्रश्नच नसतो. लोखंड तें लोखंड. माप बरोबर असलें म्हणजे झालें.

झिजलेला टायर बदलण्यासाठीं मोटारसायकलवाला दुकानाच्या फळीपुढें उभा राहतो, तेव्हां त्यालाही प्रथम मापच पाहावें लागतें. परंतु मापाच्या पाठोपाठ दहा प्रश्न येतात. चार चाकांच्या मोटारींतील एका चाकानें दगा दिला, तर उरलेलीं तीन गाडीला कशीबशी सांवरतात. दुचाकीचा सारा भार, तिचा वेग, तिचें वळणें आणि थांबणें हें तळहाताएवढ्या दोन ठशांवर अवलंबून असतें. पावसाळ्यांत घाट उतरणाऱ्या माणसाला हें कोणीं शिकवावें लागत नाहीं. त्या दोन ठशांपर्यंत येण्यास माणसाला जवळजवळ शंभर वर्षें लागलीं.

१८८५ सालीं जर्मनींतील कान्स्टाट येथें गॉटलीब डाइम्लर व विल्हेल्म मायबाख यांनीं तेलाच्या यंत्रावर चालणारी दुचाकी तयार केली. तिचीं चाकें लांकडाचीं होतीं व त्यांवर आपल्या बैलगाडीप्रमाणेंच लोखंडी धांव होती. मौज अशी, कीं हवेनें भरलेल्या टायराची कल्पना त्यापूर्वीं चाळीस वर्षें कागदोपत्रीं नोंदलेली होती. रॉबर्ट विल्यम थॉमसन या तेवीस वर्षांच्या स्कॉटिश तरुणानें १८४५ सालीं तिचें पेटंट घेतलें. रबर चढविलेल्या कापडाची नळी आंत आणि तिच्यावर चामड्याचें वेष्टन, अशी त्याची रचना होती. १८४७ सालीं लंडनच्या रीजंट पार्कमध्यें घोडागाडीला अशीं चाकें लावून त्यानें प्रयोगही करून दाखविला. गाडी हलकी चाले आणि आवाज जवळजवळ होत नसे. पण वेगाचें सारें वेड तेव्हां आगगाडीकडे वळलें होतें. पायांनीं फिरवावयाची सायकल अद्याप रस्त्यावर आली नव्हती. वस्तु तयार होती, तिची गरज असणारा माणूस मात्र जन्मास यावयाचा होता. तेव्हां ती विस्मृतींत गेली.

ती पुन्हा वर काढली बेलफास्ट येथील जॉन बॉइड डनलॉप या जनावरांच्या डॉक्टरानें. त्याच्या मुलाची तीनचाकी सायकल दगडी रस्त्यावर फार आदळे. १८८७ सालीं डनलॉपनें एका लांकडी चकतीभोंवतीं हवा भरलेली रबरी नळी बसविली आणि ही चकती व सायकलचें भरीव रबराचें चाक अशीं दोन्ही अंगणांत घरंगळत सोडलीं. भरीव चाक मध्येंच कलंडलें. हवेचें चाक अंगण ओलांडून पार फाटकापर्यंत गेलें. १८८८ सालीं त्यानें पेटंट घेतलें. पुढल्या वर्षीं मे महिन्यांत विली ह्यूम हा स्वार बेलफास्टच्या शर्यतींत असे जाडजूड टायर लावून उतरला. प्रेक्षकांनीं प्रथम टवाळी केली, पण शर्यती त्यानेंच जिंकल्या.

१८९० सालीं मात्र डनलॉपला कळविण्यांत आलें, कीं थॉमसनच्या जुन्या पेटंटामुळें त्याचें पेटंट टिकत नाहीं. थॉमसन मरून तेव्हां सतरा वर्षें झालीं होतीं. त्याला या निर्णयानें कांहीं मिळालें नाहीं, आणि डनलॉपचें नांव टायरावर राहिलें तें राहिलेंच. न्यायाचा हा हिशेब कांहींसा विचित्र दिसतो. तथापि एकाला कल्पना सुचली व दुसऱ्यानें ती जगाच्या गळीं उतरविली, हेंही खरें.

टायर बदलण्याचा प्रश्न खऱ्या अर्थानें निघाला तो यानंतर. डनलॉपचा पहिला टायर चाकाला चिकटविलेला असे. खिळा घुसला म्हणजे तो सोलून काढावयाचा, आंतील नळी सांधावयाची, पुन्हा चिकटवावयाचा आणि सरस वाळेपर्यंत थांबावयाचें. फ्रान्समधील क्लेरमाँ-फेराँ येथें मिशलिन बंधूंच्या कारखान्यांत एक सायकलस्वार असाच फुटलेला टायर घेऊन आला. दुरुस्तीला कित्येक तास लागले, सरस वाळण्यास रात्र गेली, आणि दुसऱ्या दिवशीं थोडें अंतर जातांच टायर पुन्हा बसला. या अनुभवांतून एडवार मिशलिननें काढतां-घालतां येणारा टायर बनविला. १८९१ सालीं पॅरिसहून ब्रेस्टपर्यंत व परत अशा सुमारें १२०० किलोमीटरांच्या शर्यतींत शार्ल तेराँ हा मिशलिनचे टायर घेऊन निघाला आणि ७२ तासांच्या आंत सर्वांच्या पुढें परत आला. टायर हा चाकाचा अवयव नसून वेगळी, बदलण्याजोगी वस्तु आहे, हें लोकांच्या मनांत ठसलें तें अशा शर्यतींमुळें.

इंग्लंडांत १८९० सालींच या कामीं दोन पेटंटें निघालीं होतीं, आणि पुढें पस्तीस वर्षें मोटारसायकलवाल्याच्या नशिबीं आलेला घोळ या दोहोंतूनच उत्पन्न झाला. बार्टलेटच्या टायराची कड जाड रबराची, आंकड्यासारखी असे. ती रिमच्या आंत वळलेल्या ओठांत अडके व हवेच्या दाबानें तेथें राही. वेल्चच्या टायराच्या कडेंत न ताणणारी तार असे, आणि तिचा घेर रिमच्या बाहेरील कडेहून लहान असे. येथें लोहाराच्या धांवेची आठवण झाल्याशिवाय राहत नाहीं. फरक इतकाच, कीं तारेला तापवून वाढवितां येत नाहीं. म्हणून पुढें रिमचा मधला भाग खोल करण्यांत आला. एका बाजूची तार त्या खोलगट भागांत दाबली, कीं दुसरी बाजू कडेवरून सुटते.

म्युनिकच्या हिल्डेब्रांड व वोल्फम्यूलर यांनीं १८९४ सालीं पुष्कळ संख्येनें विकण्यासाठीं पहिली मोटारसायकल काढली, तेव्हां तिला हवेचे टायर होते. पुढील मोटारसायकलींवर बरींच वर्षें आंकड्याच्या कडेचे टायर राहिले. त्यांचा दोष भयंकर होता. हवा कमी पडली कीं कड सैल होई, आणि भर वेगांत हवा गेली तर टायर रिमवरून निसटे. १९२० नंतरच्या दशकांत तारेच्या कडेचे टायर व खोल रिमा आल्या आणि हा धोका पुष्कळ कमी झाला. परंतु जुनी गाडी बाळगणारापुढें पेंच पडला: नवा टायर जुन्या रिमवर बसत नसे आणि आंकड्यांवरून तें समजत नसे. जुन्या टायरावर बाहेरचा पूर्ण व्यास लिहीत, जसें २६ × ३ इंच. नव्यावर टायराची जाडी व रिमचा व्यास लिहूं लागले, जसें ३.२५–१९. एकोणिसांत सव्वातीनाची दुप्पट मिळविली कीं साडेपंचवीस होतात, म्हणजे जवळजवळ सव्वीसच! दिसावयास दोन्ही टायर एवढेच. पण एक दुसऱ्याच्या जागीं घालणें म्हणजे जिवाशीं खेळ.

टायराच्या काळ्या रंगाचीही एक हकीकत आहे. प्रारंभींचे टायर पांढुरके असत, कारण रबरांत जस्ताची भुकटी मिसळीत. १९०४ सालीं लंडनच्या सिल्व्हरटाउन भागांतील कारखान्यांत एस. सी. मोट याला आढळलें, कीं बारीक काजळी मिसळल्यास रबर फार चिवट होतें. आज कोणालाही टायर काळाच असावा असें वाटतें, तें या काजळीमुळें.

हिंदुस्थानांत डनलॉपचा कारखाना १९३६ सालीं बंगालमधील साहागंज येथें निघाला. पुढें १९४२ च्या आरंभीं मलाया जपानच्या हातीं पडला, डच बेटेंही गेलीं, आणि जगांतील नैसर्गिक रबराचा सुमारें नऊदशांश पुरवठा दोस्त राष्ट्रांना बंद झाला. येथेंही टायरांवर निर्बंध आले. मग निवड कसली! जो मिळेल तो टायर, नाहीं तर जुन्यावर नवें रबर चढवून घ्यावयाचें. स्वातंत्र्यानंतर १९५८ सालीं सीएट कंपनी आली व मुंबईजवळ भांडुपला टायर होऊं लागले. मद्रासची एम. आर. एफ. ही कंपनी तर १९४६ सालीं लहान मुलांच्या फुग्यांपासून सुरू झाली होती. मद्रासेंत तयार झालेल्या बुलेट गाडीला पुढें व मागें एकाच मापाचे, ३.२५–१९ चे, टायर असत. यांत सोय होती, तसा मोहही होता. मागचें चाक गाडी ढकलतें, म्हणून त्याच्या टायराला ठोकळ्यांची नक्षी. पुढचें दिशा धरतें, म्हणून त्याला लांब धारा. माप एक म्हणून पुढचा टायर मागें आणि मागचा पुढें घालणें ही काटकसर दिसते खरी, पण ती खोटी काटकसर होय.

मोटारसायकल वळतांना कलते. मोटार कलत नाहीं. म्हणून मोटारीचा टायर सपाट चालतो, दुचाकीचा गोल असावा लागतो. बाजूला साइडकार जोडली म्हणजे तीही कलत नाहीं व टायर मध्यें झिजून सपाट होतो. पुढें साइडकार काढून त्याच टायरावर कोणी एकटा निघाला, तर पहिल्याच वळणावर गाडी हट्टी वाटूं लागते. डनलॉप कंपनीनें शर्यतींसाठीं मध्यें उंच व दोन्ही अंगांस उतरता, जवळजवळ त्रिकोणी टायर केला, तो याच कारणानें: कलल्यावर अधिक रबर जमिनीला लागावें. त्यावरूनच रस्त्यावरील गाड्यांसाठीं के-८१ हा टायर निघाला. १९६९ सालीं मॅन बेटावरील शर्यतींत माल्कम अपहिल यानें ट्रायम्फ बोनव्हिल गाडीवर या टायरांनिशीं एक फेरी ताशीं १०० मैलांहून अधिक सरासरीनें पुरी केली. विक्रीस असलेल्या गाड्यांच्या वर्गांत असें पूर्वीं घडलें नव्हतें. टायराला पुढें ‘टीटी-१००’ हें नांव पडलें, आणि साध्या स्वारांनींही तो आवडीनें घेतला.

शर्यतीचें यश मात्र गिऱ्हाइकाला फसवूंही शकतें. मऊ रबर रस्ता घट्ट धरतें आणि लवकर झिजतें. कठीण रबर टिकतें आणि ओल्या रस्त्यावर घसरतें. शर्यतवाल्याला टायर एक दिवस पुरला तरी चालतो. कचेरीला जाणाऱ्या गृहस्थाला तो कांहीं वर्षें पुरावा लागतो, आणि पाठीमागें बहुधा त्याची पत्नी किंवा मूल बसलेलें असतें. त्यानें कोठें थांबावें, हें दुकानदार त्याच्याऐवजीं ठरवूं शकत नाहीं.

आतां टायराच्या कुशीवर १००/९०–१७ ५५ पी असें कांहीं छापलेलें असतें. रुंदी १०० मिलिमीटर, उंची त्या रुंदीच्या शेंकडा ९०, रिम १७ इंची. ५५ हा भाराचा सांकेतिक अंक असून त्याचा अर्थ २१८ किलो. ‘पी’ म्हणजे ताशीं १५० किलोमीटरांपर्यंत. जवळच एक बाण असतो. चाक त्या दिशेनें फिरावें. घाईंत टायर उलटा बसविला गेलेला पुष्कळदां आढळतो. याखेरीज एका लहानशा चौकटींत चार आंकडे असतात आणि ते सहसा कोणी वाचीत नाहीं. २४१९ म्हणजे २०१९ सालचा चोविसावा आठवडा. रबर न वापरतांही वयानें कडक होतें. दुकानाच्या माळ्यावर सात वर्षें पडून राहिलेला टायर नवा दिसतो, त्याची नक्षी पूर्ण असते, किंमतही थोडी कमी सांगतात. चौकट शोधावयास टायर उजेडांत नेऊन फिरवून पाहावा लागतो.