गोठलेल्या जमिनीवरील नगरे आणि त्यांची झाडे

झाड लावायचे म्हणजे खड्डा खणायचा, शेणखत घालायचे, रोप बसवायचे आणि पाणी द्यायचे, एवढे आपणां सर्वांस ठाऊक आहे. पण जून महिन्यात खड्डा खणताना हातभर खाली पहारीला दगडासारखी गोठलेली माती लागली, आणि आणखी खाली ती बाराही महिने तशीच राहते असे कळले, तर? सैबेरियातील याकुत्स्क व नोरिल्स्क या नगरांना झाडे लावताना याच जमिनीशी झगडावे लागले. आम्ही वनस्पतिशास्त्रज्ञ नव्हे. कामगारांच्या सभा भरविता भरविता जे वाचले, त्यावरून चार गोष्टी सांगतो.

याकुत्स्क हे लेना नदीकाठचे जुने ठाणे, १६३२ सालचे. तेथे शेर्गिन नावाच्या एका व्यापारी कंपनीच्या नोकराने १८२८ साली विहीर खणावयास घेतली. नऊ वर्षे खणून ११६ मीटर खोल गेला, तरी पाणी नाही, माती गोठलेलीच! त्या कोरड्या विहिरीतच पुढे मिडेंडॉर्फ या शास्त्रज्ञाने तापमापके उतरविली आणि जमिनीच्या पोटातील थंडी मोजली. फसलेल्या विहिरीचा इतका उपयोग क्वचितच कोणी केला असेल.

आता गंमत अशी की, याकुत्स्कला वर्षाकाठी पाऊस व बर्फ मिळून जेमतेम २४० मिलिमीटर पाणी पडते. आपल्या दुष्काळी तालुक्यांतही सामान्य वर्षी याहून जास्त पडते. तरीही तेथे लार्च वृक्षांची अफाट जंगले आहेत. याचे कारण हीच गोठलेली जमीन. उन्हाळ्यात वरचा मीटर-दीड मीटर थर वितळतो आणि खालचा थर ते पाणी मुरू देत नाही. लार्चची मुळे खोल न जाता आडवी पसरतात व त्यावर जगतात. उलट, जंगल आपल्या सावलीने खालचे बर्फ राखते. ते तोडले की बर्फ वितळून जमीन खचते.

मग शहरात झाडे लावण्यात अडचण कोणती? अडचण घराची आहे, मंडळी. घराला पाया गोठलेला हवा आणि झाडाला माती वितळलेली हवी. म्हणून तिकडे इमारती खांबांवर उभ्या करतात. खालून वारा खेळतो, हिवाळ्याची थंडी जमिनीत उतरते आणि पाया घट्ट राहतो. नोरिल्स्कमध्ये ही पद्धत रुजविणारे इंजिनियर मिखाईल किम स्वतः तेथे कैदी म्हणून आले होते; १९६६ साली त्यांना लेनिन पारितोषिक मिळाले. पण इमारतीला लागून झाडांची दाट रांग लावली, तर वारा अडतो, बर्फाचे ढीग साचतात आणि गोधडी पांघरल्याप्रमाणे खालची जमीन उबदार राहते. बागेला घातलेले पाणीही पायाकडे झिरपते. शिवाय पाणी खाली जात नाही म्हणून याकुत्स्कच्या मातीत क्षार साठतात, ते वेगळेच. १९६० साली तेथे गोठलेल्या जमिनीच्या अभ्यासाची संस्था निघाली आणि १९६२ साली वनस्पतिउद्यान. दोहोंची गरज एकाच वेळी भासावी, यात नवल नाही.

नोरिल्स्कची कथा कडू आहे. १९३५ साली निकेल-तांब्यासाठी ते कैद्यांच्या हातून उभारण्यास आरंभ झाला. १९५३ च्या उन्हाळ्यात त्या कैद्यांनी काम बंद पाडले. छावणी १९५६ साली मोडली. पुढे जादा पगाराच्या ओढीने मोकळे कामगार आले. वर्षातून दीड महिना सूर्य न उगवणाऱ्या गावी बायकामुलांसह राहायचे, तर नुसता पगार पुरत नाही. आमच्या मते तेथील हिरवळीचे खरे कारण हेच. वाळुंजाच्या जातीची खुजी झुडपे, लार्च आणि गवत, एवढेच तेथे तग धरते.

रशियातील शहरांत झाडे लावण्याचे काम पुष्कळदा ‘सुबोत्निक’मधून झाले. मॉस्कोच्या रेल्वे कामगारांनी एप्रिल १९१९ मध्ये सुरू केलेले हे शनिवारचे श्रमदान. त्यातली स्वेच्छा पुढे कितपत उरली, हे संघटनेत आयुष्य घालविलेल्या माणसाला निराळे सांगावे लागत नाही!

परंतु कामगाराने सुटीच्या दिवशी रोप लावायचे आणि त्याच्याच कारखान्याने ते जाळायचे, हा हिशेब आम्हांला पटत नाही. नोरिल्स्कच्या भट्ट्यांतून वर्षाला सुमारे वीस लाख टन गंधकाचा वायू बाहेर पडत होता. वाऱ्याच्या दिशेला हजारो चौरस किलोमीटर लार्चचे जंगल मेले. शहरातली झुडपे मोजून हिरवळीचा अहवाल लिहिणाऱ्याने हा आकडा शेजारच्या रकान्यात मांडावयास हवा होता. तोच वायू कामगारांच्या मुलांच्या छातीतही जात होता.

शहरातील जुना निकेल कारखाना अखेर २०१६ साली बंद झाला. इतर भट्ट्या चालू राहिल्या. त्या थंडीत लाकूड लवकर कुजत नाही, त्यामुळे मेलेले लार्च वर्षानुवर्षे तसेच उभे राहतात.